सात नंबरचा डबा

४ नोव्हेंबर

दुपारी अडीचला पुण्याहून फोन आला. गोपाल नावाचा माणूस, मूळचा उंद्रीचा, आता तिकडे कंपनीत आहे. त्याची आई सरस्वतीबाई गावात एकटी असते, वय शहात्तर. चिखलीत म्हाताऱ्या माणसांना घरपोच डबा देणारी एक बाई आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं. ती मी. "ताई, उंद्रीपर्यंत येता का?" म्हणाला. फक्त त्याच्या आईचा प्रश्न नव्हता. बारा नावं त्याच्याकडे तयार होती. मुलं पुण्यात, नाशकात. आईबाप गावात.

विचार करून सांगते म्हणाले. विचार केला नाही. रेणुका, माझी नणंद, कांदा चिरता चिरता सगळं ऐकत होती. "घे वहिनी," म्हणाली. "सव्वीस डबे तं आपन डोळे मिटून करतो. काम वाढलं का बरं वाटन तुले." संध्याकाळी हो म्हणून कळवलं.

देवानंद, माझे यजमान, गेले त्याला पाच महिने झाले. ही वही त्यांची, स्कूटरच्या डिकीत असायची. सुरुवातीच्या पानांवर डब्यांच्या नोंदी आहेत. कोरी पानं पुष्कळ उरलीत. वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते.

९ नोव्हेंबर

उंद्रीला जाऊन आले. राजकुमारच्या जीपने. तो रोज चिखली-उंद्री सवारी वाहतो. डबे न्यायला तयार आहे, पण त्याने आधीच सांगून टाकलं, "ताई, बारा घरी बारा चहा घेत बसलो तं सवारी मले सोडून दुसऱ्या जीपमधी बसन. लटकवलं का चाललो."

त्याचं बरोबर आहे. देवानंदना चिखलीतले सव्वीस डबे वाटायला चार तास लागायचे. प्रत्येक ठिकाणी बसायचे. झाकण उघडायला लावायचे, पहिला घास पोटात गेला की उठायचे. मी म्हणायची, तुम्ही डबे वाटता की पाहुणचार घेत फिरता? आता रेणुका आणि मी दोन गाड्यांवर दीड तासात मोकळ्या होतो.

उंद्रीसाठी सोपी पद्धत ठरवली. दाराबाहेर एक खिळा. त्याला पिशवी लटकवायची, कालचा रिकामा डबा त्याच खिळ्यावरून न्यायचा. डब्यांना लाल नेलपॉलिशने एक ते बारा नंबर दिलेत. सरस्वतीबाईंचा सात.

त्या दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, कपाळावर गोंदण. "कोनाकडची तू?" विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. मग चौकटीकडे बोट दाखवलं. "हा खिळा हाये. याले लटकून देत जाय." बाकीच्या अकरा घरांत खिळ्याचं मी सांगितलं. इथे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

१३ नोव्हेंबर

काल बारा डबे गेले, आज बारा रिकामे परत आले. गोपालने ‘उंद्री आई-बाबा’ असा गट केला आहे. त्यावर रोज रिकाम्या डब्यांचा फोटो टाकायचा असं ठरलं. ओट्यावर बारा डबे उघडे मांडून फोटो काढला. दहा मिनिटांत अकरा अंगठे आले. गोपालने लिहिलं, आई जेवली हे पाहून बरं वाटलं.

रेणुका म्हणाली, "शाळेत मास्तर पाटी दाखवायले लावत होते, तसं झालं हे."

१६ नोव्हेंबर

चार नंबर बंद झाला. रामरावांचं घर. मोठी शेती आहे. त्यांनी राजकुमारला विचारलं, सैपाक कोन करते? त्याने नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा खिळ्याला तसाच भरलेला. त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबांना बाहेरचं पचत नाही म्हणाला. आवाजात खरंच ओशाळलेपण होतं. मी ठीक आहे म्हणाले.

राजकुमारला वाईट वाटलं. "मले काय माहीत ताई, मी तं सरळ बोललो."

"तू सरळच बोलला," मी म्हणाले.

आता अकरा.

२१ नोव्हेंबर

सात नंबरचा डबा रोज लख्ख होऊन येतो. बाकीचे डबे कसेही येतात, एकात तर चहापत्तीचा चोथा होता. हा मात्र राखेने घासलेला, उन्हात वाळवलेला, तिन्ही पुडं एकात एक बरोबर बसवलेली. आज आत मूठभर तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या.

मी शेंगा सोलायला घेतल्या. रेणुका बघत राहिली. "दोनदा घासून राह्यली ती बुढी. एकदा खरकट्यासाठी, एकदा तुह्यासाठी. समजत नाही का तुले?"

समजतं. लहानपणी माझ्या आईला शेतमालकाकडे चहा मिळायचा तो गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात. तो कप आई स्वतः धुऊन परत खोचून यायची. हे लिहिताना मला काही होत नाही. हवामान लिहावं तसं लिहिते आहे. शेंगांची उसळ केली.

२९ नोव्हेंबर

आज मी स्वतः जीपने गेले, अधूनमधून जावं म्हणून. सरस्वतीबाई दारात होत्या. म्हणाल्या, भात मऊ पाठव. मागच्या आठवड्यात राजकुमारकडे निरोप होता, भाकर नको, पोळी दे. परवा निरोप आला, पोळीही नको. आता भात मऊ आणि वरण पातळ.

"अजून पातळ?" मी विचारलं.

"पान्यासारखं कर. जमन का?" आवाज घोगरा होता. थंडीने बसला म्हणाल्या. अंगातली चोळी फार ढगळ वाटली, जुनी असावी. मुलगा कंपनीत आहे आणि आई अशा चोळीत. पण ते माझं काम नाही.

परत येताना वाटलं, या निमित्तं शोधत आहेत. भाकर नको, पोळी नको, उद्या म्हणतील डबाच नको. रामरावांनी एका दिवसात सांगितलं, या हप्त्याहप्त्याने सांगत आहेत.

६ डिसेंबर

पहाटे चारला स्वयंपाक सुरू केला, म्हणजे विहारात वेळेवर पोचता येईल. पांढरी साडी नेसले. वंदना झाली. देवानंद दरवर्षी बाहेर चपला राखायला उभे राहायचे, कुणी सांगितलेलं नसताना. आज त्या जागी कुणी नव्हतं आणि चपला तशाच पडल्या होत्या. मी त्या जोडीजोडीने लावल्या. बऱ्याच होत्या. नंतर घरी येऊन डबे भरले.

११ डिसेंबर

मोताळ्याहून फोन. तिथेही सगळ्यांची मुलं बाहेर. वीस डबे म्हणतात. गोपालने आमचे फोटो पुढे पाठवले होते. "तुमची शिस्त बघून विश्वास बसला," असं त्या बाई म्हणाल्या. संक्रांतीनंतर सुरू करू म्हणाले.

रेणुकाला आनंद झाला. मोठा कुकर, आणखी एक बाई, सगळं तिने दुपारपर्यंत ठरवलं. "उंद्री, मोताळा, मंग मेहकर. वहिनी, तुह्या नावाचा बोर्ड लावू." मी हसले. हसल्यासारखं केलं, ते तिला कळलं असावं, कारण बोर्डाचं तिने तिथेच सोडलं.

१८ डिसेंबर

आज एक गोष्ट कळली.

उंद्रीला राजकुमारच्या जीपचं चाक पंक्चर झालं. तो जॅक लावत होता तोवर मी गावात पाय मोकळे करायला निघाले. सरस्वतीबाईंच्या घरामागून एक बोळ जातो, तो सरळ आपल्या वस्तीकडे निघतो. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी उन्हात बसून जेवत होती. समोर आमचा डबा. झाकणावर लाल सात.

मी थांबले. तिने वर पाहिलं. "जयभीम माय. कोन पाह्यजे?"

मी जयभीम घातला. हा डबा कुणाचा, विचारलं.

"सरसोबाईचा. थे देते मले. मी त्याहीच्या वावरात चाळीस वर्षं निंदलं. आता कमरेनं काम होत नाही." तिचं नाव भिमाबाई. मुलगा सून सुरतेला. "रोज देते. दिवाळीच्या मागून एकबी दिवस चुकला नाही. मी जेवतो, राखेनं घासतो, मांगच्या दारानं ठेवून येतो. भांडं चांगलं घासावं लागते बाप्पा, दुसऱ्याचं हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जेवतं का? भात हाये."

मी नको म्हणाले.

म्हणजे राख भिमाबाईची होती. आणि सरस्वतीबाई आमच्या हातचं एकही दिवस जेवल्या नाहीत. निदान अन्न वाया गेलं नाही. जीपमध्ये येऊन बसले. राजकुमार ग्रीसचे हात पुसत म्हणाला, "काय झालं ताई?" मी म्हणाले, काही नाही. खरंच काही झालं नव्हतं. मला आधीपासून माहीत होतं तेच कळलं होतं.

घरी येऊन अकरा डबे मांडले. फोटो काढला. सात रिकामा होताच. अंगठे आले.

२० डिसेंबर

रेणुकाला सांगितलं. ती भडकली. "गोपालले फोन लाव आत्ता. सांग, तुही माय आमच्या हातचं खात नाही अन् तू अंगठे देऊन राह्यला."

मी लावला नाही. ते वाक्य मी कसं म्हणू? तुमची आई आमच्या हातचं खात नाही. असली वाक्यं जन्मभर समोरच्याच्या तोंडून ऐकली आहेत, नाहीतर न बोलता कळली आहेत. ती आपल्या तोंडून कधी म्हटली नाहीत. आणि म्हटलं तर काय होईल? डबा बंद होईल, भिमाबाईचं जेवण बंद होईल. सरस्वतीबाई स्वतःचं काहीतरी करून खातच असतील. चूल असेल, गॅस असेल.

हे मी स्वतःला पटवलं. लिहून ठेवते.

२७ डिसेंबर

काही नाही. थंडी फार. वांगी स्वस्त झालीत. सात नंबर रिकामा.

२ जानेवारी

राजकुमार म्हणाला, "ताई, तुमची सात नंबरवाली आज दारात आली नाही. ओट्यावरच बसून होती. मी पिशवी लटकवली तं हातानंच जाय म्हने. पार सुकून गेली बुढी. पाह्यलं का तुम्ही?"

नाही. अठरा तारखेपासून मी गेलेच नव्हते.

३ जानेवारी

सकाळी गेले. राजकुमारला सांगितलं, दुपारच्या फेरीला परत ने मला. तो म्हणाला, "आज चहा हाये वाटते."

सरस्वतीबाई ओट्यावर भिंतीला टेकून होत्या. महिन्यापूर्वी ताठ उभी राहणारी बाई अशी होऊ शकते हे मला खरं वाटलं नाही. गळ्याजवळची हाडं मोजता येत होती. मी शेजारी बसले. अंतर ठेवून बसले, सवयीने.

ठरवून गेले होते तेच बोलले. "मावशी, आमच्या हातचं चालत नसेल तर सांगायचं होतं. मी राग धरला नसता. पण तुम्ही उपाशी का राहता? स्वतःचं करून का खात नाही?"

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला.

"भिमीनं सांगतलं वाटते."

"मी पाहिलं."

"आसं," म्हणाल्या. "खोटं काऊन बोलू पोरी. पहिले आठ दिवस थेच होतं. डबा उघडूनबी नाही पाह्यला. भिमीले देल्ला. नवव्या दिवशी तिनं मांगच्या दारात झाकण उघडलं तं वांग्याच्या भाजीचा वास आला. माह्या मायच्या भाजीसारखा. मी म्हनलं, दे बे इकडं. भिमी हासली मले. बसलो दोघी. दोन घास गेले. तिसरा हितं थांबला." छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "तिथून पुढं नाही जात. दिवाळीच्या आधीपासून भाकर अडकत होती, पन मी म्हनो वय झालं. आता वरनबी अडकते. तुले पातळ सांगतलं थे त्याच्यासाठी. रोज पाहो, आज जाईन, आज जाईन."

मी डबा उघडला. वरणाचा एक चमचा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्या हातातून तो घेतला. गिळला. मान खाली घालून थांबल्या, हाताने ओट्याची कड धरली. मग तो सगळा बाहेर आला. पदराने तोंड पुसलं.

"पाह्यलं?"

"मग खाता काय?"

"चहा. साखरेचं पानी. दूध, गेलं तं."

"गोपालला सांगितलं का नाही?"

"त्यानं डबा लावतानाच सांगतलं होतं. आई, ज्या दिवशी डबा भरलेला वापस आला त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो, मंग तुह्यं एक ऐकनार नाही. म्हनून तं भिमीले सांगतलं, रिकामा झाला पाह्यजे." त्यांनी माझा हात धरला. हाताला वजन नव्हतं. "तिथं सातव्या मजल्यावर राह्यतात. मी एकडाव गेलती, तं खिडकीतून खाली पाह्यलं का चक्कर ये. दार लावून सगळे कामाले जात. मी इथून उठली का संपली. तू नको सांगू. तुह्या फोटोवर चालून राह्यलं सगळं. चालू दे."

मी म्हणाले, नाही सांगत.

घरी येऊन फोटो टाकला. तेरा नोव्हेंबरपासून आजचा बावन्नावा.

४ जानेवारी

मुगाचं कढण केलं, दोनदा गाळलं. भिमाबाईचा वेगळा डबा भरला, तेरा नंबर टाकला. तिच्याकडून काही घ्यायचं नाही. सातमध्ये कढण घेऊन गेले.

अर्ध्या वाटीला चाळीस मिनिटं लागली. एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. मधल्या वेळात बोलायला काही नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, "तुहा नवरा?"

"जून महिन्यात गेले. बसस्टँडवर छातीत दुखलं."

"जेवून गेला होता का?"

असं कुणी विचारलं नव्हतं. मी आठवलं. "नाही. डबे वाटून आल्यावर जेवायचे ते."

"हं," म्हणाल्या. पुढचा चमचा घेतला. तो अडकला आणि तिथेच थांबलो. उरलेलं कढण डब्यात परत आणलं.

रात्री भांडी आवरताना रेणुका म्हणाली, "दादा असता तं पहिल्याच दिवशी झाकण उघडायले लावलं असतं." टोमणा नव्हता. पातेलं घासता घासता सहज बोलली. नंतर लगेच म्हणाली, "मी आपलं असंच बोलली, वहिनी." मी पातेलं पुसून जागेवर ठेवलं.

५ जानेवारी

डबे मांडले. भिमाबाईचा बाजूला ठेवला. सात नंबरमध्ये कालचं कढण तसंच होतं. ते सांडून, डबा विसळून मग फोटो काढायचा होता. मी डबा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

मी शब्द दिला होता. हेही खरं की शब्द पाळला तर ती बाई महिनाभरात मरेल, आणि शेवटच्या दिवशीही माझा फोटो जाईल आणि त्यावर अंगठा येईल.

दहा डबे रिकामे, सातमध्ये कढण. तसाच फोटो काढला. पाठवायच्या आधी फोन ओट्यावर ठेवून गॅसचा पाइप तपासला, तो बंदच होता. मग पाठवला.

गोपालचा फोन दोन मिनिटांत आला. मी सगळं सांगितलं. गिळता येत नाही हे सांगितलं, भिमाबाईचं सांगितलं, मला अठरा तारखेपासून माहीत होतं हेही सांगितलं. पहिल्या आठ दिवसांचं सांगितलं नाही. ते त्यांचं आणि माझं आहे.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही रोज फोटो टाकत होता."

"हो."

"मी रोज अंगठा देत होतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

६ जानेवारी

रातोरात गाडी चालवून तो सकाळी उंद्रीला पोचला. मीही गेले. जायला हवं असं वाटलं म्हणून नाही, जीप डबे घेऊन निघालीच होती.

अंगणात गाडी उभी. गोपाल चाळिशीचा, डोळे लाल. मला पाहून नुसती मान हलवली. भिमाबाई बोळाच्या तोंडाशी उभी होती, पुढे आली नाही. सरस्वतीबाईंना त्याने लहान मुलासारखं उचलून मागच्या सीटवर बसवलं. उशी ठेवली. काच खाली होती. मी जवळ गेले.

"मावशी."

त्यांनी समोरच पाहिलं. "तू बी पोराकडचीच निघाली," म्हणाल्या.

एवढंच. गोपालने काच वर केली, थंडी लागू नये म्हणून.

परत येताना राजकुमार म्हणाला, "मनावर घेऊ नका ताई. बुढी मानसं बोलतात." मी म्हणाले, मनावर काही येत नाही रे आजकाल. त्याला ते थट्टेसारखं वाटलं, तो हसला.

१३ जानेवारी

काल जिजाऊ जयंतीला सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता, डबे तासभर उशिरा पोचले. कुणी काही बोललं नाही.

आज गोपालचा फोन. अन्ननलिकेत गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला आहे. तोवर पोटात नळी टाकली आहे, पातळ अन्न त्यातून देतात. वजन चौतीस किलो. डॉक्टर म्हणाले आणखी पंधरा दिवस गेले असते तर नळी टाकण्याच्या अवस्थेतही राहिल्या नसत्या. "गावी कधी, ते आता विचारू नका," म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

शेवटी म्हणाला, "त्या भिमाबाईंचा डबा चालू ठेवा. माझ्याकडून."

मी म्हणाले, तो चालूच आहे.

१७ जानेवारी

मोताळ्याच्या बाईंना फोन केला. वीस जमणार नाहीत, आठ घेईन. खिळा नाही, फोटो नाही. डबा देणारी बाई आत येईल, झाकण उघडेल, दोन घास होईपर्यंत बसेल. वेळ लागेल. त्या म्हणाल्या, फोटो असता तर मुलांना बरं पडलं असतं. मी म्हणाले, मुलांना सांगा फोन करून विचारा, आज काय खाल्लं. त्या कळवते म्हणाल्या.

उंद्रीच्या गटावरही हेच लिहिलं. दोघांनी गट सोडला. एकाने लगेच आईला फोन केला, त्या माऊलीने दुपारी मला सांगितलं, "आज काय झालं बाई, पोरगं भाजी विचारून राह्यलं."

राजकुमारने मला जीपमध्ये पुढची जागा दिली आहे. म्हणाला, "सवारीची काळजी नका करू. थांबतो मी. तसाही तिथल्या पाटलाच्या ओट्यावर ऊन चांगलं येते."

रेणुका चिखलीचे सव्वीस एकटी पोचवते. तक्रार करत नाही. बोर्डाचं काही बोलत नाही.

२५ जानेवारी

सकाळी दहाला, डबे भरत असताना, गोपालचा फोन. "आईला तुमच्याशी बोलायचंय," म्हणाला, मग हळूच, "म्हणजे ती तसं म्हणाली नाही. पण तीनदा तुमचं नाव काढलं." त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू येत होता. मागे टीव्ही.

मी मावशी म्हणाले. माफ करा म्हणावं असं वाटलं, पण माफी मागण्यासारखं मी केलेलं नव्हतं, आणि केलेलंही होतं. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून आज डब्यात काय आहे ते सांगायला लागले. मेथीची भाजी आहे. तुरीचं वरण. भात. भिमाबाईला भाकर जास्त टाकली आहे, तिला पोळी आवडत नाही. हरभऱ्याची भाजी आता निघायला लागली, उद्या तीच करणार.

घोगरा आवाज आला.

"लसून तडतडू देल्ला का?"

"हो."

"मीठ?"

"बरोबर आहे. रेणुका चाखते."

"तू काऊन नाही चाखत?"

मी काय सांगणार होते? देवानंद गेल्यापासून मला चव लागत नाही. डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही, जीभ बरी आहे. नुसती लागत नाही, म्हणून चाखायचं काम रेणुकाकडे दिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. रेणुकाला वाटतं मला वेळ नसतो.

"मले तं नळीनं देतात," त्या म्हणाल्या. "गोड का खारट काही समजत नाही. तुह्यं तोंड तं चांगलं हाये ना?"

"हो मावशी."

"मंग चाखत जाय."

गोपालने फोन परत घेतला, आई थकली म्हणाला.

२६ जानेवारी

सकाळी वरण उतरवल्यावर पळीभर वाटीत घेतलं, फुंकर मारली आणि तोंडात घातलं. नेहमीसारखं काही नाही असं वाटलं. मग गिळल्यावर, जरा वेळाने, जिभेच्या मागे काहीतरी चरचरलं. पुन्हा घेतलं.

"रेणुका, मीठ जास्त आहे."

तिने बोट बुडवून चाखलं. "रोज एवढंच असते, वहिनी."

"मग रोज जास्त असतं. एवढ्या महिन्यांत कुणी बोललं कसं नाही?"

"विचारलं कोनी त्याहीले?" ती म्हणाली, आणि पातेल्यात दोन तांबे आधण ओतलं.